सेकंडहँड मिआटा: जुनी एनए-एनबी, मधली एनसी की नवी एनडी?

डेलावेअरकाठी
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो. घरात रोजच्या वापराची एक एसयूव्ही आहे, ती बायको, मुलगी आणि किराणा यांच्या नावे केव्हाच लिहून दिलेली आहे. आता मला स्वतःसाठी दोन सीटची, छप्पर उघडणारी, मॅन्युअल गिअरची गाडी हवी आहे. शनिवारी सकाळी रूट २९ धरून नदीकाठाने फ्रेंचटाउनकडे, कधी बेअर माउंटन, कधी पोर्ट जर्व्हिसच्या पुढे रूट ९७ वर हॉक्स नेस्टची वळणं. तिला काम एवढंच.

माझदाची मिआटा घ्यायची हे ठरलंय. घोडं अडलंय ते पिढीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेतल्या मॉडेल-वर्षांप्रमाणे: एनए म्हणजे १९९० ते ९७ (ती उघडमीट होणाऱ्या हेडलाइटवाली), एनबी १९९९ ते २००५, एनसी २००६ ते २०१५ आणि एनडी २०१६ पासून आजवर. बजेट १५ हजार डॉलर, फार ताणलं तर १६. एवढ्यात चांगली एनबी घेऊन दुरुस्तीला पैसे उरतात, किंवा नीट ठेवलेली एनसी येते, किंवा भरपूर पळालेली सुरुवातीची एनडी.

उंची सहा फूट. गराज एकाच गाडीचं आहे. हिवाळ्यात चालवणार नाही. मन एनएवर आहे, डोकं एनडीवर. अनुभवी लोकांनी बोलावं.

खटारा_प्रेमी
एनए. पुढचा प्रश्न?

निशिगंध
मी गाड्यांमधली ढ आहे, पण हा धागा रंगणार असं दिसतंय. पुढच्या रांगेत जागा धरून ठेवतेय.

इंजिनऑइल
धागाकर्ते, एनए घ्यायचीच असेल तर 'एनए' एवढं म्हणून भागत नाही, साल बघा. १९९० ते ९३ मध्ये १.६ लिटरचं इंजिन आहे, ११६ हॉर्सपॉवर. ९४ पासून १.८ आलं, सोबत प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग आली, आणि ज्या गाड्यांना लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक मागचं चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) होतं त्यात टॉर्सन प्रकारचं आलं. १.६ जास्त मोकळेपणाने फिरतं असं म्हणणारे खूप आहेत, त्यात मीही आहे. पण १९९० आणि ९१च्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये क्रँकशाफ्टचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. तिथली पुली नीट बसवली गेली नसेल तर पुली अडकवून ठेवणाऱ्या लहान खिळीची खाच झिजते आणि क्रँक कामातून जातो. बॉनेट उघडून पुलीला चार खाचा आहेत की आठ हे बघा. चार असतील तर आखूड टोकवाली. म्हणून लगेच सोडून देऊ नका, किंमत मात्र त्या हिशेबाने करा.

टायमिंग बेल्ट (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ ठेवणारा पट्टा) ६० हजार मैलांना बदलायचा असतो. चांगली गोष्ट ही की १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. रस्त्यात थांबाल, इंजिन वाचेल.

बाकी या गाडीवर घरच्या घरी काम करायला जेवढी मजा येते तेवढी कशातच नाही. हात आत जातो. आजकालच्या गाड्यांत बोट जात नाही.

बर्मिंगहॅमकर
वरचं सगळं मान्य. पण इंजिनाबद्दल बोलण्याआधी गंजाबद्दल बोला. इंजिन बदलता येतं, पत्रा सडला की खेळ खल्लास.

एनए आणि एनबी दोन्हींत मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या सिलमध्ये पाणी साचतं. कारण साधं आहे. छपराचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या सीटच्या मागे, बेल्टच्या खांबाजवळ असतात. त्या पानं-मातीने तुंबतात. मग पाणी सिलमध्ये उतरतं आणि आतून खायला लागतं. बाहेरून रंगाला बारीक फुगे दिसतील तेव्हा आत चाळण झालेली असते. गाडी बघायला जाताना पाण्याची बाटली न्या, त्या कोपऱ्यात हळूहळू पाणी ओता आणि मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतं का बघा. मालक नाही म्हणाला तर घरी या.

एनबीचं आणखी एक दुखणं म्हणजे पुढच्या चासीचे रेल. तिथे दुहेरी पत्र्यात चिखल अडकतो. लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही.

आमच्याकडे इंग्लंडात एक सोय आहे: नंबर टाकला की सरकारी साइटवर गाडीच्या वार्षिक एमओटी तपासणीचा इतिहास फुकट दिसतो. तपासनीसाने गंजाबद्दल लिहिलेला शेरासुद्धा. अमेरिकेत अपघाताचा अहवाल विकत मिळतो, पण गंज त्यात लिहिलेला नसतो.

ऑस्टिनकर
म्हणून म्हणतो, टेक्सास, ॲरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया. तिकडची गाडी घ्या आणि ट्रेलरवर मागवा. वाहतुकीचा खर्च एका बाजूच्या सिलच्या वेल्डिंगपेक्षा कमी पडेल. उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असेल, छपराचं कापड विटलेलं असेल. ते सगळं विकत मिळतं.

पेठी_पुणेकर
इथे कात्रज ते हिंजवडी दीड तास लागतो आणि तुम्ही वळणांबद्दल बोलताय. चालू द्या. आम्ही खड्ड्यांच्या पिढ्यांवर धागा काढतो.

जाईजुई
मी विरोधी बाजू मांडते. तुम्हाला मुलगी आहे असं लिहिलंय. वय काय? बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागच्या सीटवर बसावं असं अमेरिकेत सगळेच सांगतात, आणि या गाडीला मागची सीटच नाही. "बाबा मला पण" हे पहिल्याच शनिवारी ऐकायला मिळेल. माझ्या नवऱ्याने एनबी घेतली होती तेव्हा आमच्याकडे याच वाक्यावरून दर आठवड्याला संसद भरायची.

दुसरं, एनए-एनबीमध्ये इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) नाही. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं) असेलच असं नाही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर सावरणं तुमच्या हातापायांवर. तुम्ही उतरणार आहात जर्सीच्या रस्त्यावर, जिथे शेजारच्या पिकअपचं चाक तुमच्या खांद्यापर्यंत येतं. मला कुणी विचारलं तर २०१२ नंतरचीच. त्या वर्षापासून अमेरिकेत सगळ्या नव्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचा झाला.

खटारा_प्रेमी
@जाईजुई, स्टॅबिलिटी कंट्रोल म्हणजे उजव्या पायावर ताबा. तो कंपनीकडून येत नाही.

जाईजुई
@खटारा_प्रेमी, हे वाक्य विमा कंपनीला ऐकवून बघा.

योकोहामावासी
इकडे या गाडीला रोडस्टर म्हणतात, पूर्वी युनोस रोडस्टर. जपानमध्ये १३ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाडीला वाहन कर वाढतो, वर दर दोन वर्षांनी शाकेन नावाची तपासणी असतेच. तरीही रविवारी हाकोनेच्या डोंगरात गेलं की एनए दिसतातच, आणि मालक बहुतेक साठीच्या पुढचे. माझदाने २०१७ मध्ये स्वतःच एनए पूर्ववत करून द्यायची योजना जाहीर केली, काही बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. जुन्या गाडीला खुद्द कंपनी पाठीशी उभी राहते, हे एनएच्या बाजूने मोठं कलम आहे.

पण मी चालवतो एनडी, १.५ लिटरवाली. ती तुमच्या अमेरिकेत विकलीच नाही, तिकडे फक्त २ लिटर. इथे सगळ्यात साधी एस ग्रेड आली तेव्हा तिचं वजन ९९० किलो होतं. सगळ्या एअरबॅगा, आजचे सुरक्षा नियम, आणि तरीही टनाच्या आत! ही गाडी बनवणाऱ्या लोकांनी ग्रॅम-ग्रॅमसाठी भांडण केलेलं कळतं. एनए जुनी आहे म्हणून हलकी. एनडी हलकी आहे कारण कुणीतरी ती हट्टाने तशी ठेवली. मला दुसऱ्याचं कौतुक जास्त वाटतं.

इंजिनऑइल
@योकोहामावासी, कौतुक मलाही आहे, पण एनडीचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक. एनएची तर बिनापॉवरच्या स्टिअरिंगची गाडीसुद्धा मिळायची. रस्त्यावर चुना सांडलाय की डांबर हे तळहाताला कळतं.

साडेसहा_फुटी
माझ्या नावावरून कळलंच असेल. एनए आणि एनबीमध्ये स्टिअरिंग वरखाली होतच नाही, जिथे आहे तिथे आहे. एनसीमध्ये वरखाली होतं. एनडीमध्ये २०१९ पासून पुढेमागेही होतं. आत शिरायला सगळ्यात सैल एनसी. एनएमध्ये माझी नजर बरोबर काचेच्या वरच्या पट्टीवर जाते, सिग्नल हिरवा झाला हे मागच्याच्या हॉर्नवरून कळतं. लोक सीटमधला फोम कापून खाली बसतात. सहा फुटांना जमेल, पण आधी बसून बघा, आणि छप्पर लावून बसून बघा. उघड्या छपरात सगळेच मावतात.

वळणवेडा
चार पिढ्यांतल्या एनसीला अजून कुणी विचारलंही नाही, नेहमीचंच. म्हणून सविस्तर लिहितो.

एनसीवर आरोप काय? जाड झाली, उंच उभी राहते, चेहरा गुळगुळीत. उंचीचं खरं आहे, कंपनीतून येते तेव्हा चाकावर मूठभर मोकळी जागा असते. आखूड स्प्रिंग टाकल्या की तो विषय संपतो. वजन एनबीपेक्षा थोडंच वाढलं आणि त्या बदल्यात १७० हॉर्सपॉवरचं दोन लिटर इंजिन मिळालं. टायमिंग बेल्ट नाही, चेन. स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक. म्हणजे @इंजिनऑइल यांना जे हवं ते आहे, आणि @जाईजुई यांना जे हवं तेही उशिराच्या गाड्यांत आहे. २००९च्या फेरबदलात फोर्ज्ड (ठोकून घडवलेला, जास्त मजबूत) क्रँकशाफ्ट आला, मॅन्युअल गाड्यांची रेडलाइन (इंजिन फिरण्याची कमाल मर्यादा) ५०० आरपीएमनं वाढली. २०१० ते १५ मधली कुठलीही, एका-दोन हातांतली, सर्व्हिसच्या पावत्या असलेली. माझ्या मते या बजेटमध्ये याहून शहाणी खरेदी नाही.

आणि स्वस्त का? कारण एनए ज्यांना हवी त्यांना आठवणी हव्या असतात, एनडी ज्यांना हवी त्यांना नवेपण. मधल्या भावंडाचे लाड कुणी करत नाही.

सुरुवातीच्या एनडीबद्दल सांगायचं तर २०१६-१७च्या सहा-गिअर पेटीच्या तक्रारी खूप झाल्या आणि माझदाने आतले भाग पुढे बदलले. बघायला गेलात तर गिअरपेटी बदलली आहे का, कधी, हे विचारा. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना खरखर आली तर तिथेच नमस्कार करा. २०१९ पासून १५५ची ताकद १८१ झाली, तीच खरी मजेची एनडी. पण १५ हजारांत ती धड अवस्थेत मिळणार नाही.

इंजिनऑइल
एनसी चांगली गाडी आहे. मिआटा कमी आहे.

वळणवेडा
हे वाक्य मला दर धाग्यावर ऐकवलं जातं आणि ऐकवणाऱ्याने एनसी चालवलेली नसते.

इंजिनऑइल
चालवली आहे. भावाची होती, २००८ची. वेगवान आहे. पण मला तिच्यात १.६सारखं तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून वळण घेता येत नाही, तोवर वेगमर्यादा कुठल्या कुठे गेलेली असते. ११६ हॉर्सपॉवर मी रस्त्यावर रोज पूर्ण वापरतो. १७० वापरायला मला ट्रॅकवर जावं लागतं.

वळणवेडा
हा मुद्दा मान्य. रूट २९ वर तर नक्कीच मान्य, तिथे गावागावात पोलीस उभा असतो.

निशिगंध
हॉर्सपॉवरवरून एक आठवलं, माझ्या साहेबांनी सांगितलेलं. माझदाने २००१च्या मॉडेलला १५५ हॉर्सपॉवर जाहीर केली आणि प्रत्यक्षात निघाली १४२. मग ज्यांना नको त्यांच्या गाड्या परत घ्यायची तयारी कंपनीने दाखवली. खरं आहे का हे?

वळणवेडा
खरं आहे. ज्यांनी गाडी ठेवली त्यांना पैसे आणि मोफत सर्व्हिस दिली. बहुतेकांनी ठेवलीच असणार, तेरा घोड्यांसाठी मिआटा कोण परत करतं?

ऑस्टिनकर
एवढ्या पैशात पोर्शेची बॉक्स्टर येते हे कुणी सांगणार आहे का?

बर्मिंगहॅमकर
आली! कुठल्याही मिआटा धाग्यावर बॉक्स्टर येतेच.

ऑस्टिनकर
येणारच. ९८६ किंवा सुरुवातीची ९८७, म्हणजे तिच्या पहिल्या दोन पिढ्या. इंजिन मधोमध, सहा सिलिंडर, आवाज असा की रेडिओ लागत नाही. आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं की इंजिन जातं) भीती सगळे घालतात. घेण्याआधी ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का बघायचे, क्लच बदलताना बेअरिंगही बदलून घ्यायचं, संपला विषय. आणि २००९ पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही.

बर्मिंगहॅमकर
२००९ची बॉक्स्टर १५ हजारांत दाखवा, मी दोन घेतो. पोर्शे जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. धागाकर्त्याने दुरुस्तीसाठी वेगळे पैसे ठेवायची गोष्ट केली आहे, म्हणजे माणूस हिशेबी दिसतोय.

पेठी_पुणेकर
इथल्या वाचकांसाठी: मिआटा भारतात अधिकृतपणे कधी आली नाही. वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि वर डोळे फिरवणारी कस्टम ड्युटी. त्यामुळे एनए विसरा.

पण आपलीसुद्धा एक होती हे तरुण मंडळींना माहीत नसेल. सॅन स्टॉर्म! गोव्यात बनायची. दोन सीट, फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, साधारण ६० हॉर्सपॉवर. फारशी खपली नाही. एकदा कोल्हापूर रस्त्यावर समोरून आलेली पाहिली आणि गाडीतले सगळे मान वळवून बघत राहिले. आमची आई म्हणाली, "पावसात काय करतात हे लोक?"

निशिगंध
आईंचा प्रश्न रास्त आहे. खरंच, काय करतात?

खटारा_प्रेमी
भिजतात.

योकोहामावासी
एनडीचं कापडी छप्पर बसल्या जागेवरून एका हाताने ओढता येतं, सिग्नलला थांबल्या थांबल्या. एनएमध्ये मागची खिडकी प्लास्टिकची, छप्पर खाली टाकण्याआधी तिची चेन उघडायची, नाहीतर घडी पडून पिवळी पडते आणि तडकते. एनबीपासून मागे काच आली.

जाईजुई
आणि एनसीमध्ये २००७ पासून बटणावर दुमडणारं कडक छप्परही मिळतं. बारा सेकंदांत, आणि डिकीची जागा खात नाही. न्यू जर्सीत गाडी रेस्टॉरंटबाहेर लावून आत जायची असेल तर कापडापेक्षा ते बरं. सुरीने छप्पर कापायचे किस्से ऐकले आहेत.

इंजिनऑइल
त्याच्या मोटरा, सेन्सर, बिजागऱ्या, आणि पाणी काढायच्या नळ्याही. त्या नळ्यांना जाळी असते, तीही तुंबते. वजनही वाढतं.

डेलावेअरकाठी
सर्वांचे मनापासून आभार. इतकं वाचून डोकं आणखी फिरलं, पण उपयोगी दिशेने. मधल्या काळात काय केलं ते सांगतो.

मुलगी आठची आहे, म्हणजे @जाईजुई यांचा बाण बरोबर लागला. सध्या तिला घराच्या दारात उभ्या गाडीत बसून स्टिअरिंग फिरवायला मिळेल, एवढा तह झाला आहे.

पेनसिल्व्हेनियात एक २००३ची एनबी बघितली. फोटोत सुंदर, रंग चकचकीत. पाण्याची बाटली नेली होती. डावीकडून पाणी लगेच खाली आलं, उजवीकडे ओतलं ते कुठे गेलं देव जाणे. सिलवर अंगठा दाबला तर ताज्या रंगाखाली पुटीचा थर कळला. मालक म्हणाला, "इकडच्या सगळ्याच अशा असतात." असतील. मी परत आलो.

एनएमध्ये एका ओळखीच्यांच्या गाडीत बसून बघितलं. छप्पर लावल्यावर डोकं कापडाला टेकतं आणि गुडघा स्टिअरिंगला. मन अजून तिथेच आहे, गुडघ्याने मात्र नकार कळवला आहे.

आता समोर दोन आहेत. एक २०१०ची एनसी, कडक छपराची, दुसऱ्या मालकाची, ७० हजारांच्या आत चाललेली, मॅन्युअल. मालक वयस्कर, पावत्यांची फाइल आहे. १२ हजार मागतोय. दुसरी २०१६ची एनडी, लाखाच्या पुढे मैल, डीलरकडे, साडेपंधरा. गिअरपेटीबद्दल विचारलं तर डीलर म्हणतो, काही कल्पना नाही.

वळणवेडा
एनसी. यात विचार काय करायचा? डीलरला कल्पना नसते तेव्हा खरी कल्पना तुम्हाला नंतर येते.

ऑस्टिनकर
एनसी. बॉक्स्टर नसेल तर.

योकोहामावासी
एनडीवर माझं प्रेम आहे, पण ही एनडी नाही. फाइल असलेला म्हातारा मालक म्हणजे निम्मी तपासणी झाली.

इंजिनऑइल
नाराजीने लिहितो: एनसी. उरलेल्या तीन हजारांत चांगल्या स्प्रिंग आणि डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) घाला, सगळी द्रवं बदला, आणि अलाइनमेंट मिआटा माहीत असलेल्या माणसाकडून करून घ्या. मग मला एक चक्कर द्या, मी मत बदलायला तयार आहे. अर्धंच.

खटारा_प्रेमी
गुडघ्यापुढे शहाणपण नाही. बहुमताला माझा विरोध नोंदवून घ्यावा.

साडेसहा_फुटी
गुडघ्यांच्या वतीने आभार.

बर्मिंगहॅमकर
२०१०ची न्यू जर्सीतली गाडी म्हणजे बऱ्याच हिवाळ्यांचं मीठ. म्हातारा थंडीत चालवत होता का, विचारा. लिफ्टवर घ्याच, मागचे सस्पेन्शनचे बोल्ट बघा, तिथे गंज धरला की आर्म (चाक धरणारी दांडी) निघत नाही. छप्पर चार-पाच वेळा उघडून-मिटून बघा, गरम आणि थंड दोन्ही इंजिनावर. पावत्यांत दरवर्षी किती मैल वाढले ते लिहून काढा, मधली दोन वर्षं गायब असतील तर का ते विचारा.

डेलावेअरकाठी
लिफ्टला हो म्हणालाय, शुक्रवारी संध्याकाळी माझ्या ओळखीच्या गराजमध्ये. हिवाळ्यात कव्हर घालून ठेवतो म्हणतो, पावत्यांवरून तसं दिसतंय. एक शंका आहे. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक आहे, पण बाजूला लहान चौकटीत ३११५ असं छापलंय. ही तारीखच ना?

वळणवेडा
तारीखच. २०१५चा ३१वा आठवडा. नक्षी कितीही असो, रबर दगड झालेलं असणार, त्यावर हॉक्स नेस्टला जाऊ नका. चार नव्या टायरांचा भाव काढून न्या, त्याच्यासमोर ठेवा आणि ११,२०० पासून बोलायला सुरुवात करा.